वृद्धांच्या छळाची प्रकरणे : संरक्षणसेवेतील कार्यपद्धती आणि नोंदींचे मापदंड

दरवर्षी १५ जून हा दिवस वृद्धांच्या छळाविषयी जागृती करण्यासाठी जगभर पाळला जातो. २००६ साली हा उपक्रम सुरू झाला आणि डिसेंबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने त्यास मान्यता दिली. या दिवशी भाषणे होतात, पथनाट्ये होतात, ज्येष्ठांचा शाल देऊन सत्कार केला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. छळाची शंका आल्यानंतर प्रकरण कोणत्या पद्धतीने हाताळावे आणि त्याविषयी काय, कसे व किती लिहून ठेवावे, एवढाच तो विषय आहे. परंतु या रुक्ष विषयाकडे दुर्लक्ष केल्यामुळे काय घडते, ते मी एकदा जवळून पाहिले आहे.

मी साहाय्यक धर्मगुरू असताना आमच्या धर्मग्रामात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक विधवा आजी मुलाच्या घरी राहत असत. पहिल्या शुक्रवारी त्यांना पवित्र कम्युनियन देण्यास जाणाऱ्या भगिनींना त्यांच्या मनगटावर वळ दिसला. दोन-तीन आठवड्यांनी मदतकार्य करणाऱ्या मंडळातील एका बंधूंना त्यांनी सांगितले की पेन्शनचे पैसे हाती येत नाहीत. शेजारच्या नर्सबाईंना त्या आदल्यापेक्षा बऱ्याच खंगलेल्या वाटल्या. तिघांनीही आपापल्या परीने हळहळ व्यक्त केली, तिघांनीही ती गोष्ट कोणाजवळ तरी बोलून दाखवली, मला स्वतःलाही त्यातील एक गोष्ट कानावर आली होती. लिहून कोणीच ठेवले नाही. पुढे आजींचे खुब्याचे हाड मोडले. मुलगा म्हणाला, न्हाणीघरात पाय घसरला. पोलीस चौकशीला आले तेव्हा वळ कोणत्या तारखेस दिसला, उजव्या हातावर की डाव्या, आजींचे नेमके शब्द काय होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर आम्हांपैकी कोणाकडे नव्हते. त्या पडल्या की पाडल्या गेल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलावर अन्याय झाला की आईवर, हेही नाही.

छळ म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या टोरांटो जाहीरनाम्यात जी व्याख्या स्वीकारली, तिचा आशय असा : ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा असते त्या नात्यातील एखादे कृत्य, अथवा योग्य कृतीचा अभाव, ज्यामुळे वृद्ध व्यक्तीस इजा किंवा यातना होते, तो छळ होय. कृत्य एकदाच घडलेले असले तरी ते या व्याख्येत बसते. या व्याख्येचा कणा ‘विश्वास’ या शब्दात आहे. रस्त्यावरच्या अनोळखी चोराने गळ्यातील साखळी ओढली तर तो गुन्हा आहे. मुलाने किंवा भाच्याने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तर तो गुन्हा असून शिवाय छळही आहे.

शारीरिक, मानसिक, लैंगिक, आर्थिक आणि हेळसांड असे प्रकार सामान्यतः मानले जातात. अमेरिकेतील सेवांमध्ये आणखी एक प्रकार धरला जातो, तो म्हणजे स्वतःची आबाळ. येथे छळणारा कोणी नसतोच. एकटी राहणारी व्यक्ती जेवण, औषध, स्वच्छता यांकडे पाहीनाशी होते. आपल्याकडे याला कोणी छळ म्हणणार नाही, परंतु संरक्षणसेवेच्या कार्यकर्त्याकडे येणाऱ्या प्रकरणांत यांचा भरणा मोठा असतो.

प्रमाणाविषयी दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार साठ वर्षांवरील दर सहा व्यक्तींपैकी सुमारे एका व्यक्तीस वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मात्र सुमारे ५ टक्के ज्येष्ठांनीच गेल्या वर्षात वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. पाहणीच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि ज्या घरात सून पाण्याचा पेला घेऊन दारात उभी आहे, त्या घरात प्रश्नावली घेऊन आलेल्या पाहुण्यापाशी सासू काय सांगेल, याचा अंदाज आपल्या वाचकांना आहेच.

संरक्षणसेवेचा उगम

वृद्धांना घरात मारहाण होते ही गोष्ट वैद्यकीय नियतकालिकांत प्रथम इंग्लंडमध्ये १९७५ साली मांडली गेली. त्याच वर्षी अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायद्याचे विसावे प्रकरण अस्तित्वात आले व त्यातील निधीतून राज्यांना प्रौढांच्या संरक्षणाची सेवा चालवता येऊ लागली. १९८१ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातील वार्धक्यविषयक समितीने, क्लॉड पेपर यांच्या अध्यक्षतेखाली, या दडलेल्या समस्येवर अहवाल दिला. त्यानंतर राज्याराज्यांत कायदे झाले. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. काही राज्यांत अठरा वर्षांवरील दुर्बल प्रौढांसाठी एकच सेवा, तर मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र यंत्रणा. डॉक्टर, परिचारिका, समाजकार्यकर्ते यांना शंका येताच वर्दी देणे बहुतेक राज्यांत बंधनकारक आहे. न्यूयॉर्क राज्यात असे सरसकट बंधन नाही.

२०१० मध्ये संघराज्य पातळीवर वृद्ध न्याय कायदा संमत झाला. पैसा मात्र त्यामागोमाग फारसा आला नाही. २ मार्च २०११ रोजी सुप्रसिद्ध चित्रपट अभिनेते मिकी रूनी यांनी वयाच्या नव्वदाव्या वर्षी सिनेटच्या समितीसमोर येऊन आपल्याच घरात आपली कशी कोंडी झाली ते सांगितले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. प्रसिद्धी, संपत्ती, ओळखी यांपैकी कशानेही त्या वृद्ध माणसाचे रक्षण केले नव्हते.

सर्व राज्यांना लागू असणारी किमान मापदंडांची पहिली संघराज्यीय नियमावली थेट ८ मे २०२४ रोजी प्रसिद्ध झाली व तिच्या पूर्ततेसाठी राज्यांना ८ मे २०२८ पर्यंत मुदत देण्यात आली. म्हणजे सेवा सुरू झाल्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने. आपल्या देशातील दिरंगाईबद्दल आपण नेहमीच खंत करतो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

प्रकरणाचा प्रवास

वर्दी आल्यापासून प्रकरण बंद होईपर्यंतचे टप्पे समजून घेतले म्हणजे नोंदींचे महत्त्व आपोआप कळते. पहिला टप्पा वर्दी घेण्याचा. उपरोक्त नियमावलीनुसार चोवीस तास व आठवड्याचे सातही दिवस वर्दी देता आली पाहिजे आणि त्यासाठी किमान दोन मार्ग खुले हवेत, त्यांपैकी एक इंटरनेटवरचा. वर्दी घेणारा कर्मचारी धोका किती निकट आहे हे ठरवतो. जिवाला धोका असेल, भरून न येणारी इजा होण्याचा संभव असेल किंवा उत्पन्न-मालमत्तेचे मोठे नुकसान होऊ घातले असेल, तर चोवीस तासांच्या आत प्रतिसाद मिळाला पाहिजे. इतर प्रकरणांत सात दिवसांच्या आत. पैशाच्या हानीस जिवाच्या धोक्याशेजारी बसवलेले पाहून काहींना नवल वाटेल. परंतु ऐंशीव्या वर्षी घर गेले तर ते पुन्हा उभे करण्यास आयुष्य उरलेले नसते, हा त्यामागील विचार आहे.

ज्या वर्दीवर पुढे काही करायचे नाही असे ठरते, तिचीही कारणासह नोंद ठेवली जाते. हे किरकोळ वाटते, पण तसे नाही. एकच वर्दी हलकी असेल. वर्षभरात एकाच घराविषयी आलेल्या चार हलक्या वर्दी एकत्र वाचल्या तर चित्र बदलते. आमच्या आजींच्या बाबतीत नेमके हेच व्हायला हवे होते.

त्यानंतर गृहभेट. वृद्ध व्यक्तीशी एकांतात बोलणे हा या कामातील जवळजवळ अपवाद नसलेला दंडक आहे. एकांत मिळाला नाही तर तेही लिहावे लागते : कोण हजर होते, किती वेळ, आणि एकांत नाकारला कोणी. भाषेचा प्रश्न असल्यास दुभाषा बाहेरचा हवा, घरातला नको. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आपल्या मराठी आईवडिलांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष लागू पडतो. ज्याच्याविषयी तक्रार आहे तोच जर आईचे मराठी बोलणे इंग्रजीत सांगू लागला, तर कागदावर आईचे काहीच उरत नाही.

चौकशीअंती निष्कर्ष लिहिला जातो. तथ्य आढळले, तथ्य आढळले नाही, अथवा निश्चित सांगता येत नाही. फौजदारी न्यायालयात लागतो तसा निःसंशय पुरावा येथे सहसा अपेक्षित नसतो. घडले असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा अधिक आहे, एवढे पुष्कळ राज्यांत पुरते. संरक्षणसेवेचे काम शिक्षा देणे हे नसून सुरक्षितता आणणे हे आहे, म्हणून हा फरक. निष्कर्षानंतर सेवायोजना, पाठपुराव्याच्या भेटी व शेवटी प्रकरण बंद करण्याची कारणमीमांसा असा क्रम असतो.

काय लिहावे आणि काय लिहू नये

चांगल्या नोंदीचा पहिला गुण ताजेपणा हा होय. भेट झाल्यावर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात लिहिलेले टिपण आणि महिन्याने आठवून लिहिलेला अहवाल यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यानेही, १८७२ च्या जुन्या कायद्याने आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने, साक्षीदारास घटनेच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच स्वतः केलेले टिपण पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा दिली आहे. तारीख, वेळ, ठिकाण, हजर असलेल्यांची नावे आणि लिहिणाऱ्याची सही यांवाचून टिपण म्हणजे निनावी पत्र.

दुसरा गुण म्हणजे पाहिलेले आणि वाटलेले यांची फारकत. ‘आजी घाबरलेल्या होत्या’ हे मत झाले. ‘मुलगा खोलीत येताच आजी बोलायच्या थांबल्या व त्यांनी पदर तोंडाशी धरला’ हे निरीक्षण झाले. ‘घर घाणेरडे होते’ याऐवजी ‘पलंगावर चादर नव्हती, गादी ओली होती, कोपऱ्यात दोन दिवसांचे ताट झाकून ठेवले होते’ असे लिहावे. ‘दोन दिवसांचे’ हे तरी आपणास कसे कळले, असा प्रश्न उलटतपासणीत येईल. तेव्हा ताटातील भातास बुरशी आली होती, एवढेच लिहिलेले बरे. मत लिहूच नये असे नाही. ते मत म्हणून, वेगळ्या परिच्छेदात लिहावे.

वृद्ध व्यक्तीचे शब्द तिच्याच बोलीत, अवतरण चिन्हांत लिहावेत. वसईकडील आजीचे कादोडी किंवा सामवेदी वाक्य आपण पुस्तकी मराठीत सुधारून लिहिले की साक्ष आपली होते, तिची राहत नाही. आपण विचारलेला प्रश्नही लिहावा. ‘तुम्हाला मुलगा मारतो ना?’ असे विचारल्यावर आलेल्या ‘हो’ला फारशी किंमत नाही. ‘हे कसे झाले?’ असे विचारल्यावर मिळालेले उत्तर निराळे.

अंगावरच्या खुणांबाबत वैद्यकीय संशोधनाने दिलेला एक धडा येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण त्याविषयी चुकीच्या समजुती फार आहेत. कॅलिफोर्नियातील डॉ. लॉरा मॉस्केडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट वर्षांवरील १०१ व्यक्तींच्या अंगावर आपोआप वा अपघाताने उमटलेल्या काळ्यानिळ्या डागांचे दररोज निरीक्षण केले व २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. असे जवळजवळ ९० टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, जननेंद्रिये, ढुंगण व तळपाय यांवर एकही नव्हता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रंगावरून डागाचे वय ठरवता येत नाही असे दिसून आले. पिवळा डाग जुनाच असतो ही समजूत टिकली नाही, काही डाग पहिल्याच दिवशी पिवळट होते. पुष्कळांना आपल्या अंगावर डाग कधी पडला हे आठवतही नव्हते. त्यानंतर २००९ मध्ये, ज्यांच्या शारीरिक छळाची प्रकरणे संरक्षणसेवेकडे आली होती अशा वृद्धांचा अभ्यास झाला. त्यांच्या अंगावरील डाग मोठे, पाच सेंटिमीटरहून अधिक असण्याचे प्रमाण जास्त आढळले आणि चेहरा, उजव्या दंडाची बाहेरची बाजू व पाठ येथे ते अधिक होते. शिवाय यांतील बहुतेकांना डाग कशाने पडला ते सांगता आले.

यावरून नोंद कशी करावी हे स्पष्ट होते. ‘चार-पाच दिवसांपूर्वीचा वळ’ असे कधीही लिहू नये. कोठे आहे, किती लांब-रुंद आहे, रंग कसा दिसला, आणि व्यक्तीने त्याविषयी स्वतःहून काय सांगितले, एवढेच लिहावे. मानवी आकृतीचे साधे रेखाचित्र छापून त्यावर खूण करण्याची पद्धत रुग्णालयांत व संरक्षणसेवांत रूढ आहे. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास त्याचाही उल्लेख करावा. छायाचित्र घ्यायचे तर संमतीने, आणि ते कोणी, कधी काढले याची नोंद करून. ते मोबाइलवरून मंडळाच्या गटात फिरवणे हा त्या वृद्धेचा दुसरा छळ होय.

चुकलेली ओळ खोडरबराने पुसू नये, पांढरी शाई लावू नये. एक रेघ मारून सही करावी. मागाहून आठवलेली गोष्ट मागाहून आठवली असेच लिहून, त्या दिवसाची तारीख घालून जोडावी.

नकाराची नोंद

बालकांच्या संरक्षणात आणि वृद्धांच्या संरक्षणात एक मूलभूत भेद आहे, आणि परोपकारी माणसे नेमकी तेथेच चुकतात. वृद्ध व्यक्ती ही प्रौढ व्यक्ती असते. न्यायालयाने अन्यथा ठरवेपर्यंत तिला स्वतःचे निर्णय घेण्याची क्षमता आहे असेच धरावे लागते, आणि मदत नाकारण्याचा अधिकार तिला असतो. ‘मला मुलापाशीच राहायचे आहे’ असे आई म्हणाली, तर तिला उचलून वृद्धाश्रमात नेणे हे संरक्षण नव्हे. २०२४ च्या नियमावलीतही व्यक्तीच्या इच्छेस प्राधान्य, कमीत कमी बंधनकारक उपाय आणि पहिल्याच भेटीत तिच्या हक्कांची माहिती देणे यांवर भर आहे.

अशा वेळी कार्यकर्त्याने ‘सेवा नाकारली, प्रकरण बंद’ एवढ्या चार शब्दांत मोकळे होणे हा मात्र हलगर्जीपणा आहे. कोणता धोका समजावून सांगितला, कोणते पर्याय पुढे ठेवले, ती एकटी असताना की मुलगा शेजारी असताना, तिने कारण काय दिले, दिलेली माहिती तिने आपल्या शब्दांत परत सांगितली का, आणि मन बदलल्यास कोणाला कळवावे हे तिला ठाऊक आहे का, हे सर्व नोंदवले पाहिजे. क्षमतेविषयी शंका असल्यास ‘विसराळू’ किंवा ‘डोके ठिकाणावर नाही’ अशी बिरुदे लावू नयेत. कोणता प्रश्न विचारला व कोणते उत्तर आले ते लिहून डॉक्टरांकडे पाठवावे. निदान करणे हे आपले काम नाही.

गुप्तता, आणि धर्मगुरूंचा प्रश्न

प्रकरणाची कागदपत्रे गोपनीय असतात. वर्दी देणाऱ्याचे नाव सहसा उघड केले जात नाही. अमेरिकेच्या नव्या नियमावलीनुसार प्रत्येक प्रकरणाची माहिती किमान पाच वर्षे जपून ठेवायची आहे. कोणी कागद पाहिले, कोणाला प्रत दिली, याचीही नोंद चांगल्या कार्यालयात असते.

वाचकांपैकी काहींनी मला विचारले आहे की धर्मगुरूंवर वर्दी देण्याचे बंधन असते काय. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात धर्मसेवकांचा समावेश वर्दी देण्यास बांधील असलेल्यांत करण्यात आला आहे. प्रायश्चित्त संस्कारात कळलेल्या गोष्टीस मात्र त्यातून वगळले आहे. कॅनन कायद्याच्या ९८३ व्या कलमानुसार संस्काराचे मौन अभंग असते, आणि त्यावर चर्चेला जागा नाही. परंतु येथे एक गल्लत होते. अंगणात, आजारी माणसाच्या खोलीत, कार्यालयात चहा घेताना फादरांना जे सांगितले जाते ते प्रायश्चित्त संस्कार नव्हे. ‘फादरांना सांगितले म्हणजे ते कोठेच जाणार नाही’ या समजुतीचा आडोसा आम्ही धर्मगुरूंनीही पुष्कळदा घेतला आहे. मीही घेतला आहे.

आपल्याकडील कायदा व त्यातील नोंदी

भारतात अमेरिकेसारखी घरोघर चौकशी करणारी स्वतंत्र संरक्षणसेवा नाही. जे आहे ते मुख्यतः ‘आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ यामधून आलेले आहे. महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१० मध्ये केले. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे ज्येष्ठ नागरिक स्वतः अर्ज करू शकतात. ते असमर्थ असल्यास त्यांनी अधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अपवादात्मक परिस्थितीत आणखी तीस दिवस घेता येतात, पण कारणे लेखी नोंदवून. समेट घडवण्यासाठी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे सोपवता येते व त्याने एका महिन्यात आपले निष्कर्ष द्यायचे असतात. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा अधिनियमानुसार दरमहा १०,००० रुपये आहे. ती काढून टाकण्याची तरतूद असलेले २०१९ चे दुरुस्ती विधेयक संमत झालेच नाही. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते व्यपगत झाले.

मालमत्तेच्या बाबतीत २३ वे कलम महत्त्वाचे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, परत मिळवता येते. पण अट होती हे दाखवायचे कसे? सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ च्या एका निकालात असे स्पष्ट केले की अशी अट असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय हस्तांतरण रद्द होऊ शकत नाही. २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द ठरवले. तेथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने सांभाळ करण्याचे वचनपत्र लिहून दिल्याचे मातेचे म्हणणे होते, आणि न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावला. एका कागदाने किती फरक पडतो पाहा! मुलाच्या नावे घर करताना ‘आपलाच मुलगा, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचे’ असे म्हणणाऱ्या आईवडिलांनी या दोन निकालांची आठवण ठेवावी.

पोलिसांविषयी केंद्राच्या आदर्श नियमांत चांगली तरतूद आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी. समाजकार्यकर्ता वा स्वयंसेवक यांना बरोबर घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटावे. ज्येष्ठांविरुद्धच्या गुन्ह्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी व दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत अधीक्षकांना अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले आहे. ही नोंदवही जनतेस पाहण्यासाठी खुली असावी, असेही त्यात आहे. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे ठीक. परंतु गावातील कोणीही येऊन कोणत्या आईने कोणत्या मुलाविरुद्ध तक्रार केली हे वाचू शकणार असेल, तर किती आया तक्रार करतील, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडायला हवा होता.

धर्मग्रामाच्या पातळीवर

आपल्या धर्मग्रामांतून आजाऱ्यांना भेटणारे, सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेतर्फे गृहभेटी देणारे, लहान ख्रिस्ती समूहांत काम करणारे बंधुभगिनी आहेत. ते चौकशी अधिकारी नव्हेत आणि त्यांनी तसे होऊही नये. घरात शिरून उलटतपासणी घेणे, मुलाला चारचौघांत जाब विचारणे यामुळे दार बंद होते आणि आतल्या माणसाचे हाल वाढतात. त्यांनी भेटीला दोघांनी मिळून जावे, भेटीनंतर वर सांगितलेल्या रीतीने टिपण करावे आणि ते एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे द्यावे. तीन माणसांच्या तीन वह्या एकत्र कधीच येत नाहीत. वही पाने सुटी न होणारी, पानांवर क्रमांक घातलेली असावी. ती कुलपात राहावी आणि पदाधिकारी बदलताना सही घेऊन सुपूर्द करावी. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र पान द्यावे, म्हणजे एकाचे टिपण दाखवताना दुसऱ्याचे दिसणार नाही.

जिवास धोका दिसला तर वही बाजूला ठेवून प्रथम ११२ वर पोलिसांना कळवावे, लिहिणे नंतर. सल्ला व मदतीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही २०२१ पासून देशभर उपलब्ध असून तिची वेळ सकाळी ८ ते रात्री ८ अशी आहे. फोन केल्याची तारीख, वेळ, बोललेल्या कर्मचाऱ्याचे नाव आणि मिळालेला तक्रार क्रमांकही त्याच पानावर लिहावा. न्यायाधिकरणाकडे अर्ज दाखल केल्यावर मिळणारी पोच त्याच पानाला जोडून ठेवावी. आपल्या टिपणाची कोणी मागणी केल्यास छायांकित प्रत द्यावी, मूळ वही हातची सोडू नये.